ठरावाच्या वहीत कोपीवरचा आवाज

यंदाच्या २६ जानेवारीला मी गावी होतो. झेंडावंदन झालं, पोरांच्या हातावर जिलेबी पडली आणि शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या अंथरून ग्रामसभा बसली. गाव बीड जिल्ह्यातलं, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातलं. मतदारयादी हजाराच्या पुढची, आणि सतरंजीवर मी मोजली ती माणसं एक्केचाळीस. त्यात बायका पाच. कायद्याने ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. आमच्याकडे १०० लागत होते. ते नव्हते, कारण निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं. दुपारून वही घरोघर फिरली आणि सह्या पुऱ्या झाल्या.

सभा चालू असतानाच माझा फोन वाजला. चुलत वहिनी. सातारकडच्या एका साखर कारखान्याच्या हद्दीत त्यांची ऊसतोडीची टोळी उतरलेली. मागे ट्रॅक्टरचा आवाज, कुणीतरी मोळ्या मोजत होतं.

“भावजी, सभा बसली का? आमच्या वस्तीच्या पायपाचं घेतलं का त्यात?”

विषय नेमका तोच चालला होता. वित्त आयोगाच्या निधीतला बंधित हिस्सा पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करता येतो. त्या पैशातून डोंगराच्या उतारावरच्या वस्तीपर्यंत पाइपलाइन न्यायची, की गावठाणात बंदिस्त गटार करायची, एवढाच प्रश्न होता. सतरंजीवर बसलेले बहुतेक सगळे गावठाणातले. त्यांच्या दारातून पावसाळ्यात खरंच घाण पाणी वाहतं. त्यांनी गटारीला हात वर केले. यात कुणाची लबाडी नव्हती.

मी ग्रामसेवकांकडे गेलो. (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात सगळे भाऊसाहेबच म्हणतात.) म्हटलं, “भाऊसाहेब, वस्तीवरची माणसं फोनवर आहेत. त्यांचं म्हणणं वहीत लिहून घेता येईल का?” ते शांतपणे म्हणाले, “हजर नाहीत त्यांचं कसं लिहू? तसा नियमच नाही.” त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. वहिनीला मी सांगितलं की यंदा गटारीचं ठरलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “बरं, ठेवते. ट्रॅक्टर भरायचाय.”

त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. ज्या फोनवरून ती फडातून गावाशी बोलू शकते, ज्या फोनवर तिच्या पोराच्या शाळेचा निरोप येतो, त्या फोनचा गावाच्या कारभारात शून्य उपयोग आहे. आणि दुसरीकडे ‘डिजिटल पंचायत’, ‘ऑनलाइन लोकसहभाग’ हे शब्द प्रत्येक कार्यशाळेत ऐकू येतात. मला म्हणायचंय ते इतकंच की ऑनलाइन सहभागाची खरी कसोटी शहरातल्या स्मार्टफोनवाल्या तरुणाकडे नाही, ती या कोपीवर, ऊसतोड्यांच्या पाचटाच्या झोपडीवर आहे. जो सभेला येऊच शकत नाही त्याचं म्हणणं निर्णयाच्या आधी वहीत चढतं का, आणि त्याला उत्तर मिळतं का? हे होत नसेल तर बाकीची ॲप आणि पोर्टलं म्हणजे आधीच ज्यांचा आवाज पोचतो त्यांच्या हातात दिलेला आणखी एक भोंगा.

जरा कॅलेंडर बघा. महाराष्ट्रात ग्रामसभा घ्यायचे चार ठरलेले दिवस आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. दसरा-दिवाळीच्या आगेमागे कोयते, म्हणजे ऊसतोडीला जाणारी जोडपी, गाव सोडतात. गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. म्हणजे २६ जानेवारीची सभा त्यांच्यासाठी नाहीच. हे एवढ्यावर थांबलं असतं तर चारातली एक सभा हुकली म्हणून सोडूनही दिलं असतं. पण गावाचा वर्षाचा विकास आराखडा ज्या मोहिमेत तयार होतो, ती ‘सबकी योजना, सबका विकास’ मोहीम २०१८ पासून २ ऑक्टोबरला सुरू होते आणि हिवाळ्यात संपते. आराखड्याचा हंगाम आणि उसाचा हंगाम एकच. गावाचा पैसा कुठे जाणार हे ज्या महिन्यांत ठरतं, नेमक्या त्याच महिन्यांत गावातले सगळ्यात गरीब लोक दोन-तीनशे किलोमीटरवर पाचटाच्या कोपीत राहत असतात. बीड, धाराशिव, जालना, परभणी, कुठलाही ऊसतोडीचा तालुका घ्या, हेच चित्र. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, त्याआधी आराखडा लागतो, म्हणून मोहीम हिवाळ्यात. पण कुणी मुद्दाम केलं नाही म्हणून परिणाम बदलत नाही.

म्हणून प्रामाणिकपणे सांगायचं तर मराठवाड्यातल्या सहभागाची पहिली दुरुस्ती ऑनलाइन नाहीच, ती तारखेची आहे. कामांची पहिली यादी १५ ऑगस्टच्या सभेत व्हायला हवी. तेव्हा खुरपणीची कामं चालू असली तरी माणसं घरी असतात, बायका घरी असतात, वस्तीवर दिवा लागलेला असतो. यादी तेव्हा झाली, तर हिवाळ्यात उरतो तो क्रम ठरवण्याचा आणि अंदाजपत्रकाचा भाग, आणि तिथे फोन कामाला येतो. तंत्रज्ञानावर माझा राग नाही. पण तारीख बदलून सुटणारा प्रश्न ॲपने सोडवायला गेलो तर ॲपही बदनाम होतं आणि प्रश्नही तसाच राहतो.

आता शहराकडे येतो, कारण माझं रोजचं आयुष्य छत्रपती संभाजीनगरात आहे आणि तिथे ‘ऑनलाइन’चा अर्थ वेगळा लागलेला आहे. शहरात ऑनलाइन सहभाग म्हणजे तक्रार. खड्ड्याचा फोटो काढा, अपलोड करा, क्रमांक मिळेल. राज्याचं ‘आपले सरकार’ पोर्टल २०१५ पासून आहे, पालिकांची आपापली ॲप आहेत. ही सोय चांगली आहे, मी स्वतः वापरतो. पथदिवा चार दिवसांत लागला तर मला आनंदच होतो. पण तक्रार आणि सहभाग या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. तक्रार करणारा माणूस ठरून गेलेल्या गोष्टीतलं जे बिघडलं ते सांगतो. दिवा कुठे लावायचा, कचरा कुठे टाकायचा, पाण्याची टाकी कुठल्या वॉर्डात आधी बांधायची, हे ठरवताना तो कुठेच नसतो. तक्रारपेटी भरली म्हणून लोकसहभाग वाढला असं कुणी सांगितलं, तर ती पेटी किती भरते हे आधी ठरलेल्या निर्णयांच्या दर्जावर अवलंबून असतं, हे लक्षात घ्यायला हवं.

निर्णयाच्या आधी न विचारण्याची किंमत या शहराने २०१८ मध्ये मोजली. नारेगावचा कचरा डेपो तीस वर्षांहून जास्त काळ शहराची घाण पोटात घेत होता. विहिरींचं पाणी गेलं, माशा, धूर, दुर्गंधी. मांडकी-नारेगाव भागातल्या लोकांनी निवेदनं देऊन देऊन शेवटी १६ फेब्रुवारी २०१८ पासून गाड्या अडवल्या. शहराच्या रस्त्यांवर आठवडेच्या आठवडे कचऱ्याचे ढीग साचले. मग पर्यायी जागांचा शोध सुरू झाला आणि मार्चमध्ये गाड्या मिटमिट्याकडे वळवल्या. तिथे दगडफेक झाली, गाड्या पेटल्या, लाठ्या चालल्या. मी तेव्हा पडेगावच्या बाजूला राहत होतो, धूर गच्चीवरून दिसत होता. पुढे चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल, कांचनवाडी अशी चार ठिकाणी प्रक्रिया केंद्रं विभागून करण्याचं ठरलं. एका गावाच्या डोक्यावर सगळ्या शहराचा कचरा नको, भार वाटून घ्या, ही गोष्ट नारेगावचे लोक कितीतरी वर्षं सांगत होते. ऐकली गेली ती गाड्या जळल्यावर. इतक्या वर्षांत एकदा तरी पाच जागांचे नकाशे, प्रत्येकीचा खर्च, वाऱ्याची दिशा, जवळच्या विहिरी असं सगळं मांडून शहराला विचारलं असतं, तर सगळे खूश झाले असते असं मी म्हणत नाही. पण मिटमिट्याच्या लोकांना आपल्या दारात कचरा येतोय हे गाडी दिसल्यावर कळलं नसतं.

विचारलं जातं तेव्हा कसं विचारलं जातं, तेही बघू. शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध झाला की महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ प्रमाणे हरकती-सूचनांसाठी ठरावीक मुदत मिळते. नकाशे संकेतस्थळावर टाकले जातात. गेल्या आराखड्याच्या वेळी आमच्या ओळखीचे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. गुंठेवारीत वीस वर्षांपूर्वी घेतलेला प्लॉट, वर दोन खोल्या, खाली गिरणी. हातात पोराचा फोन, फोनवर नकाशाची पीडीएफ. फाइल एवढी जड की दोन बोटांनी मोठी करायला गेलं की पांढरी पडायची. गट क्रमांक मुंगीच्या पायाएवढे. जांभळा रंग म्हणजे काय, हिरवी रेघ म्हणजे काय, याची सूची वेगळ्या फाइलमध्ये. आपल्या घरावर रस्ता आलाय की बाजूच्या मोकळ्या जागेवर, एवढंच त्यांना हवं होतं. शेवटी लॅपटॉपवर उघडून, दोन नकाशे शेजारी ठेवून, पाऊण तासाने आम्हाला कळलं की रस्ता गिरणीच्या ओट्यावरून जातोय. त्यांनी हरकत हातानेच लिहिली आणि रांगेत उभं राहून दिली. ज्यांच्याकडे वास्तुविशारद आहे, वकील आहे, त्यांना हाच नकाशा दहा मिनिटांत वाचता येतो. कागद ऑनलाइन टाकला म्हणजे तो उघडा झाला, असं होत नाही. घराचा क्रमांक टाकला की ‘तुमच्या जागेवर हे आरक्षण आहे, त्याचं कारण हे, हरकतीची शेवटची तारीख ही’ एवढं साध्या मराठीत आलं असतं, तर त्या मुदतीला अर्थ आला असता.

स्मार्ट सिटीच्या वेळीही लोकांना विचारलं गेलं होतं. केंद्राच्या निवडीत नागरिकांचा सहभाग हा गुण मिळवायचा निकषच होता, म्हणून ऑनलाइन मतं मागवली, अर्ज भरून घेतले. सप्टेंबर २०१६ मध्ये शहराची निवड झाली. प्रस्तावात चिकलठाण्याला नव्या वसाहतीची आखणी होती, ती पुढे बाजूला पडली आणि पैसा शहरभरच्या कामांकडे, बससेवेकडे, कॅमेऱ्यांकडे वळला. बस मिळाली याचा मला आनंद आहे, माझ्या आईचा दवाखाना त्या बसने जवळ आला. मुद्दा वेगळा आहे. ज्यासाठी मत दिलं ते बदललं, तेव्हा मत देणाऱ्यांना कुणी पुन्हा विचारलं नाही, का बदललं हे सांगितलंही नाही. एकदा असं झालं की पुढच्या वेळी लिंक आली तरी माणूस ती उघडत नाही. आमच्या कॉलनीतल्या लोकांना उदासीन म्हणणारे भेटतात, मला ते पटत नाही. ही माणसं अनुभवाने शहाणी झालेली आहेत.

आणि विचारायचं तरी कोणी? संभाजीनगर महापालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. परभणी, लातूर, नांदेडच्या पालिकांची आणि जिल्हा परिषदांची २०२२ मध्ये. त्यानंतर वर्षानुवर्षं प्रशासक. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ‘निवडणुका घ्या’ असं सांगावं लागलं, तोवर संभाजीनगरात पाच वर्षं उलटली होती. याच काळात डिसेंबर २०२० मध्ये शहराच्या १,६८० कोटींच्या पाणीयोजनेचं भूमिपूजन झालं आणि पुढे ती २,७४० कोटींवर गेली. शहरात पाणी कित्येक दिवसांआड येतं, हे पाहुणा आला तरी त्याला पहिल्या दिवशी कळतं. एवढ्या मोठ्या खर्चावर सभागृहात प्रश्न विचारायला एकही नगरसेवक नव्हता, आणि लोकांना उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचं दार ठोठवावं लागलं. त्या वर्षांत तक्रार ॲप मात्र चालू होतं. ऑनलाइन सहभागाचा मी कैवारी आहे, म्हणूनच स्पष्ट सांगतो: निवडून दिलेल्या सभागृहाची जागा कुठलंही पोर्टल घेऊ शकत नाही. फोनवरून आलेलं मत कुणाला तरी बांधील असायला हवं, आणि तो कुणीतरी पाच वर्षांनी आपल्या दारात मत मागायला येणारा असायला हवा.

कायदा आपल्याकडे कमी पडत नाही. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्त्या १९९३ मध्ये लागू झाल्या. ग्रामसभेला घटनेत स्थान मिळालं, ३ लाखांवरच्या शहरांना वॉर्ड समित्या आल्या. २००९ मध्ये महाराष्ट्राने शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आणली. मतदान केंद्राच्या परिसरातल्या लोकांची, म्हणजे गल्लीची ग्रामसभाच म्हणा. या शहरात इतकी वर्षं राहून क्षेत्रसभेची दवंडी एकदाही माझ्या कानावर आलेली नाही. जी सभा जमिनीवर भरत नाही, ती फोनवर भरेल अशी आशा कशाच्या जोरावर करायची?

जगात हे प्रयोग झालेत आणि त्यांतून शिकण्यासारखं आहे. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रेत १९८९ पासून लोक मोहल्ल्या-मोहल्ल्यात बसून पालिकेच्या पैशाचा क्रम ठरवू लागले. तिथे गर्दी झाली, कारण सभेतून उठताना गटार कुठल्या वस्तीला मिळणार ते ठरलेलं असायचं. माद्रिदने २०१५ मध्ये पोर्टल काढलं. कुणीही सूचना मांडावी, १६ वर्षांवरच्या १ टक्का रहिवाशांनी पाठिंबा दिला की ती मतदानाला जाईल. हजारो सूचना आल्या, आणि पहिल्या काही वर्षांत तो उंबरठा ओलांडला फक्त दोन सूचनांनी. पण त्याच पोर्टलवर २०१६ मध्ये ६ कोटी युरोंची कामं निवडण्याचा हक्क लोकांना दिला, तिथे प्रत्यक्ष कामं निघाली. आपल्याकडे पुणे महापालिका २००६-०७ च्या अंदाजपत्रकापासून नागरिकांकडून कामांचे अर्ज घेते. मराठवाड्यातल्या पाच महापालिकांपैकी एकीने जरी आपल्या अंदाजपत्रकातला छोटा, पण ठरलेला हिस्सा असा लोकांच्या हाती दिला, तरी मला शंभर ॲपपेक्षा ते मोठं वाटेल. रक्कम लहान असली तरी चालेल. पण ती आधी जाहीर हवी आणि नंतर मागे घेता येऊ नये.

आता आक्षेपांकडे. ‘बायकांच्या हातात फोन कुठे आहेत’ हा आक्षेप खरा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ३८ टक्के स्त्रियांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलेलं होतं; पुरुषांत हेच प्रमाण ६१ टक्क्यांच्या पुढे. कोपीवर तर एका कोयत्यामागे एक फोन, तोही बहुतेक नवऱ्याच्या खिशात. म्हणजे ‘ऑनलाइन मत नोंदवा’ असं नुसतं म्हटलं की घरातला पुरुष बोलणार आणि बाईचं मत त्यातच धरलं जाणार. गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हेच होतं. आमच्या गावच्या ग्रुपवर दोनशेच्या वर नंबर आहेत, बायकांचे मोजून अकरा. सरपंचताई ग्रुपवर आहेत, पण त्यांच्या नंबरवरून त्यांचे यजमान लिहितात. पन्नास टक्के आरक्षणाने बाईला खुर्चीपर्यंत आणलं, तिचा आवाज फोनपर्यंत अजून आलेला नाही. म्हणून टंकलेलं मत हा पाया धरूच नये. आवाज धरावा. वहिनीला लिहायचा कंटाळा आहे, पण बोलायला लावलं तर ती वस्तीच्या पाण्याचं अर्धा तास सांगेल, कुठला व्हॉल्व्ह कोण बंद करतं ते सुद्धा.

दुसरा आक्षेप भीतीचा. सभेत बोललेलं वाऱ्यावर जातं; फोनवर बोललेलं राहतं आणि फिरतं. गावात जातीची, भावकीची, गटाची ताणाताण असते, आणि अलीकडच्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात ती वाढलीच आहे. कोण कुणाच्या विरोधात बोललं याचे स्क्रीनशॉट पुढाऱ्याच्या घरी पोचतात. टोळीतल्या माणसाच्या शेजारी टोळी नेणारा मुकादम बसलेला असतो, त्याच्याकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, आणि गावच्या राजकारणात तोही असतो. यावर उपाय आहे आणि तो जुनाच आहे: सभेत नाव वाचायचं नाही, म्हणणं वाचायचं. नोंद नावासकट दप्तरी राहील, वाचताना ‘वस्तीवरच्या एका मतदाराचं म्हणणं’ एवढंच. सातबाऱ्यातल्या नोंदींचं चावडीवाचन आपल्याकडे आहेच. गावाला वाचून दाखवलेली गोष्ट पुढे नाकारता येत नाही, हे आपल्या लोकांना चांगलं कळतं.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. बोट दाबून दिलेलं मत म्हणजे विचार करून दिलेलं मत नव्हे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाचं सगळ्या महाराष्ट्राला कौतुक आहे ते त्यांच्या ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेसाठी. पण त्या घोषणेमागे अभ्यासगट होते, एकमत होईपर्यंत बसण्याची सवय होती. दुसऱ्याची अडचण ऐकून आपलं मत बदलणं हा सभेचा प्राण आहे. आमच्या सभेत गटारीला हात वर करणाऱ्यांनी वहिनीचा आवाज ऐकला असता, तर त्यातल्या दहा जणांचे तरी हात खाली आले असते असं मला मनापासून वाटतं. गावातली माणसं वाईट नाहीत, त्यांच्यासमोर त्या वेळी ती नव्हती इतकंच. म्हणून फोनवरून मतांची बेरीज नको. फोनवरून येणारं म्हणणं सभेत ऐकवलं जावं आणि मग सभेने ठरवावं.

यातून एक गोष्ट निघते, ती काही मित्रांना रुचणार नाही. फोनवर असलेल्यांना गणपूर्तीत धरू नये. एकदा धरलं की पुढच्या वर्षी व्हरांड्यात सतरंजी पडणारच नाही. शंभर नंबर लावले, कोरम झाला, सह्यांसाठी वही फिरवायचीही गरज उरली नाही. आपल्याकडे पळवाट लवकर सापडते. शंभर माणसं सतरंजीवर हवीत ती हवीतच. दूर असलेल्यांची नोंद वेगळी.

ही नोंद कशी होईल याचा विचार मी गावातल्या संगणक परिचालकाबरोबर बसून केला. तो पोरगा हुशार आहे, तालुक्याला बी.एस्सी. झालेला. तो म्हणाला, नवीन ॲप नको, लोक उघडत नाहीत. ग्रामपंचायतीचा एक नंबर ठेवायचा. सभेच्या पंधरा दिवस आधी कामांची यादी, प्रत्येक कामाची जागा आणि अंदाजे रक्कम, बोलून त्या नंबरवरून पाठवायची, तीन मिनिटांत संपेल अशी. गावाबाहेर असलेला मतदार त्याला बोलून उत्तर पाठवेल. प्रत्येक उत्तराला आवक क्रमांक. परिचालक ते ऐकून दोन ओळींत लिहील, सभेत वाचून दाखवेल, इतिवृत्तात क्रमांकासकट उतरवेल. आणि ज्याचं म्हणणं मानलं नाही त्याला सभेनंतर आठ दिवसांत बोलूनच उत्तर जाईल, कारणासकट: पैसा कमी पडला, जागा वादात आहे, गटारीचं काम निकडीचं होतं, जे असेल ते. महिलांच्या ग्रामसभेसाठी हाच नंबर वेगळ्या दिवशी, आणि तिथे फोन बाईच्या हातात आहे ना हे आशाताई किंवा बचत गटातली कुणीतरी विचारून खात्री करेल. याला खर्च जवळपास काहीच नाही. केंद्राच्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवर २०२० पासून कामाचं नाव आणि रक्कम दिसते, पण ते काम का निवडलं आणि दुसरं का सोडलं हे दिसत नाही. पंचायती राज मंत्रालयाने २०२५ मध्ये ‘सभासार’ आणलं, सभेच्या ध्वनिमुद्रणावरून इतिवृत्ताचा मसुदा करून देणारं. चांगलं आहे. पण व्हरांड्यात जो बोललाच नाही, त्याचा सार कुठून निघणार? हाच नंबर त्याला जोडला तर निघेल.

माझा सगळा जोर त्या कारणासकट दिलेल्या उत्तरावर आहे. माणसाला नकार पचतो. आमच्या वस्तीने नकार कमी पचवलेत का? दुष्काळात टँकर शेवटच्या टोकाला पोचायचा नाही तेव्हाही त्यांनी पचवलं. जे पचत नाही ते आपण बोललो की नाही याचीच खूण न राहणं. वहिनीने फोन केला, मी ऐकलं, भाऊसाहेबांनी ऐकलं, आणि वहीत एक शब्दही नाही. पाच वर्षांनी कुणी ती वही उघडली तर त्याला दिसेल की २६ जानेवारीला गावाने एकमताने गटार मंजूर केली आणि वस्तीने काहीच मागितलं नव्हतं.

फेब्रुवारीत मी ग्रामपंचायतीला लेखी अर्ज दिला. कामांची पहिली यादी यंदापासून १५ ऑगस्टच्या सभेत घ्यावी, गावाबाहेरच्या मतदारांसाठी एक नंबर ठेवावा आणि न मानलेल्या प्रत्येक मागणीचं कारण इतिवृत्तात लिहावं. अर्ज घेताना भाऊसाहेब म्हणाले, “वरून काही आलं नाही बघा याचं, पण सभेने ठराव केला तर मला अडवायचं काही कारण नाही.” आवक क्रमांक पडला, अर्ज १ मेच्या विषयपत्रिकेवर सातवा आहे. मुकादमाचा निरोप आलाय की कारखान्याचा पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या बेतात आहे, टोळी पाडव्याच्या आधी गावात येईल. वहिनीला मी सांगून ठेवलंय की वस्तीवरच्या सगळ्या बायकांना घेऊन त्या दिवशी सकाळी दहाच्या आत व्हरांड्यात ये, सातवा विषय यायला उशीर लागेल, तोवर उठू नका.